तनू अंगानं सुधारली तेव्हा

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात दम्याची पुडी चालू असेल तर त्यांनी एवढं एकच करावं: ती आज फेकून देऊ नये. मी फेकायला लावली होती. का फेकू नये ते पुढं येईलच, पण कुणी अर्ध्यात वाचणं सोडलं तर ही गोष्ट राहून जायला नको, म्हणून आधी सांगितली.

चौदा थेंब

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे. लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवायचा, त्याचा लाकडी नमुना आम्ही करतो. काम मापाचं आहे. अर्धा मिलिमीटर चुकला तर शंभर जॉब भंगारात जातात, आणि सुपरवायझर आपल्या आईबापांची आठवण काढतो. त्यामुळे मी स्वतःला फार नेमका माणूस समजत आलो.

छाती लहानपणापासून वाजायची, पण 'सर्दी उतरली' म्हणून आम्ही ते निभावून नेत होतो. अडतिसाव्या वर्षी एका सकाळी कंपनीच्या गेटपासून पॅटर्न शॉपपर्यंत, म्हणजे नमुने करायच्या शेडपर्यंत, मला चालता येईना. वाटेत दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. मित्रांनी उचलून गाडीत घातलं.

छातीच्या डॉक्टर एक मॅडम होत्या. त्यांनी माझ्या हातावर पेनानं खुणा केल्या, चौदा थेंब टाकले, प्रत्येक थेंबाखाली सुईनं हलकं टोचलं. वीस मिनिटांत पाच ठिकाणी गांधी उठल्या. धुळीतले किडे, बुरशी, झुरळ, गाजरगवत आणि लाकडाचा भुसा. भुसा आला तेव्हा मला हसूच आलं. ज्याच्यावर पोट, त्याचंच वैर.

मॅडम म्हणाल्या, "ॲलर्जिक अस्थमा. पंप रोज घ्यायचा. बरं वाटलं तरी घ्यायचा."

मला त्यातलं फक्त 'दमा' ऐकू आलं. घरी आल्यावर आईनं पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "ह्यो एकदा लागला की सुटत न्हाय बघ." मी पंप कंपनीच्या संडासात दार लावून घ्यायला लागलो. पोरं 'पंपवाला' म्हणतील याची भीती मला दम्यापेक्षा जास्त होती. आता लिहिताना लाज वाटते.

नेसरीची मेघा

त्याच दवाखान्यात मेघा भेटली. नेसरीची पोरगी, दम्यावर पीएच.डी. करत होती. दोन बाटल्या रक्त द्याल का म्हणाली. एक आत्ता, एक दीड वर्षानं. मी विचारलं, "रक्तात काय बघणार?"

"मायक्रोआरएनए, काका."

"म्हंजे?"

तिनं समजावायचा प्रयत्न केला, मला कळेना. मग ती मला काय काम करता ते विचारायला लागली. फौंड्री म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "ऑफिसात मूळ ड्रॉइंग असतंय न्हवं? ते कुणी खाली आणत न्हाय. त्याची झेरॉक्स तेवढी खाली शॉपमध्ये येत्या. पेशीत पण तसंच हाय. झेरॉक्स बघून माल तयार होतोय."

"आणि हे मायक्रो?"

"झेरॉक्सला लावायची होल्डची चिठ्ठी. बारकी, पण लागली की ते काम थांबलं. शरीरात अशा शेकड्यांनी चिठ्ठ्या हाईत. दमेकऱ्याच्या शरीरात काही चिठ्ठ्या कमी पडत्यात, काही नको तिथं लागत्यात. मग धूळ नाकात गेली की सूज आणि चिकटा यांचं उत्पादन सुरूच. थांबवणारा कोण न्हाय."

"आणि ह्या चिठ्ठ्या रक्तात कशा?"

"फिरत्यात की. एका पेशीतनं निघून दुसऱ्या पेशीला जाऊन लागत्यात." एवढं बोलून ती माझ्या दंडाला रबर बांधायला लागली.

मला हे सगळं फार आवडलं. पण त्या दिवसापासून अंगात कुणीतरी आपल्याला न विचारता चिठ्ठ्या वाटत हिंडतंय असं वाटायला लागलं, आणि छाती वाजली की तेच डोक्यात यायचं.

पुडी

त्याच पावसाळ्यात माझी मुलगी तनू खोकायला लागली. सहा वर्षांची होती. पहाटे खोकायची, धावली की पोटाशी हात धरून बसायची. मी तिच्या पाठीला कान लावला. आत माझाच आवाज होता.

मॅडमनी तिला पण पंप सांगितला. माझी बायको सुजाता तयार होती. मी तयार नव्हतो. पोरीची जात, पुढं लग्नाचं बघायचं, शाळेत पोरं चिडवणार, असलं काहीबाही मी बोललो. खरं कारण एवढंच की माझ्यातलं तिच्यात आलं हे मला बघवत नव्हतं.

दसऱ्याला सासुरवाडीला कुरुंदवाडला गेलतो तेव्हा कुणीतरी नदीपलीकडच्या एका गावातल्या अण्णांचं नाव काढलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. अण्णा झाडपाल्याची पुडी द्यायचे. रविवारी त्यांच्या दारात रांग असायची, गाड्या पार कर्नाटकातून यायच्या. माणूस शांत, पांढरे कपडे, बोलणं मोजकं. मला अख्खी पुडी, तनूला अर्धी, मधातून, सकाळी अनशापोटी.

"आंबट बंद, वांगं बंद," अण्णा म्हणाले. "पंप बंद. ह्ये आणि त्ये एका जागी चालत न्हाय. आणि कुणाला सांगायचं न्हाय. डॉक्टरला तर न्हायच न्हाय. सांगितलं की गुण जातोय."

आमच्याकडं हे कुणाला नवीन नाही. कावीळीचं औषध देणारा असो की मुतखड्याचं, पाल्याचं नाव सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. आजीच्या काळापासून ऐकलेलं, त्यात खोट काढायची मला बुद्धी झाली नाही. घरी येऊन मी तनूला समोर बसवून शपथ घातली. तिनं गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

आठव्या दिवशी आम्हा दोघांच्या छात्या गप्प झाल्या.

गुण आला

ते महिने आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते. तनू पळायची, पहाटेचा खोकला गेला. भूक तर अशी की भाकरी पुरेना. पूर्वी ताटात चिवडत बसणारी पोरगी तांबडा रस्सा ओरपून परत वाटी पुढं करायची. गाल वर आले, हनुवटी गोल झाली. जो येईल तो म्हणायचा, "काय सुधारलीय की ओ पोरगी! काय घालताय?" आई खूश होऊन मीठमोहऱ्या उतरायची. मीही गालानं भरलो होतो. कंपनीत म्हणायचे, दमा मानवला तुला.

कोल्हापुरात अंगानं सुधारणं म्हणजे तब्येत. आमच्यात कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

सुजाताला मात्र काहीतरी खटकत होतं. आंघोळ घालताना तिला तनूच्या पाठीवर बारीक लव दिसली. मांडीवर निळे डाग दिसले, कुठं आपटली ते पोरीला आठवेना. "हिचं पोट बघा की ओ, हातपाय बारीक आणि पोट तेवढं वर," ती म्हणाली. मी म्हणालो, "दृष्ट लावू नकोस."

पुडी सुरू होऊन वर्ष उलटलं, आणि डिसेंबरात तनूचा आठवा वाढदिवस आला. मी दरवर्षी तिला दाराच्या चौकटीला उभी करून माप घेतो. आदल्या वर्षी एकशे अठरा सेंटीमीटर भरली होती. या वर्षी भरली एकशे साडेअठरा.

मी परत मोजलं, तेवढंच आलं.

आता माझा शहाणपणा ऐका. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुद्दाम शंभराला एक अशी लांब केलेली असते. त्या पट्टीनं माणूस मोजला तर कमी भरतो. मी ठरवून टाकलं की घाईत माझ्या हाती कामावरची पट्टी आली. पट्टी तपासून बघितली असती तर एका मिनिटाचं काम होतं. आणि ती कामावरची असती तरी फरक पडून पडून सेंटीमीटरभर पडला असता. सात वर्षांचं मूल वर्षात पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. एवढा हिशोब मला झोपेतही येतो. मी पट्टी पिशवीत टाकली आणि केक कापायला गेलो.

दुसरी बाटली

जानेवारीत मेघानं दुसरी बाटली घेतली. फॉर्मवर प्रश्न होता, इतर कुठलं औषध चालू आहे का. मी 'नाही' लिहिलं.

काही आठवड्यांनी एका सोमवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. मी शॉपमध्ये होतो.

"काका, राग मानू नका. तुम्ही स्टेरॉइडच्या गोळ्या घेताय काय?"

"न्हाय."

"बघा हं. गेल्या वेळी तुमच्या रक्तात ॲलर्जीच्या पेशी भरपूर होत्या. आता शोधून सापडंनात. आणि त्या चिठ्ठ्या... ज्यांना गोळ्या चालू असत्यात त्यांच्यात जशा बदलत्यात, तशाच तुमच्या बदलल्यात. ह्यावरनं निदान होत न्हाय, आमचं काम अजून तेवढं पुढं गेलेलं न्हाय. पण मॅडमना दाखवलं मी. त्यांनी गुरुवारी बोलावलंय."

"मी कायबी घेत न्हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी हातातली पटाशी खाली ठेवली. झाडपाल्यानं आठ दिवसांत छाती कशी गप्प झाली, ते एका क्षणात कळलं. मग संताप आला. अण्णाचा आला, आईचा आला, स्वतःचा सगळ्यात कमी आला. त्याच तिरीमिरीत सुजाताला फोन लावला. "सगळ्या पुड्या मोरीत ओत. आत्ताच्या आत्ता. तनूला एक कण द्यायचा न्हाय."

"काय झालं पण?"

"ओत म्हणतोय न्हवं!"

तिनं ओतल्या. मला वाटलं, पोरगी वाचवली.

गुरुवार

मंगळवारी माझे सांधे दुखायला लागले, बुधवारी छाती परत वाजायला लागली. तनू बुधवारी शाळेतून आली ती आडवीच झाली. दोन उलट्या झाल्या, अंग कोमट होतं. शाळेत काहीतरी खाल्लं असेल म्हणून आम्ही तिला लिंबूपाणी दिलं.

गुरुवारी दुपारी मॅडमसमोर बसलो आणि माझ्यापुरतं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "शेवटची पुडी कधी घेतली?" एवढंच विचारलं.

"सोमवारी सकाळी. नंतर फेकून दिल्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, शरीर स्वतःचं स्टेरॉइड स्वतः बनवतं. बाहेरून माल येत राहिला की आतली भट्टी विझते. ती परत पेटायला कितीतरी महिने लागतात. असं एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. घरात आणखी कोण घेतं हे?"

'नाही' म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, हे मी कबूल करतो. बाप म्हणून माझी जी अब्रू होती ती त्या खुर्चीत माझ्या शेजारी बसली होती, आणि मला ती सोडवत नव्हती.

"माझी पोरगी," मी म्हणालो. "आठ वर्षांची."

मॅडम उभ्या राहिल्या. "ती आत्ता कशी आहे?"

मी फोन लावला. सुजाता म्हणाली, "झोपलीय. उठवालोय तर उठंना झालीय ओ."

गुण जाईल

मॅडमनी तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि मी तिथं पोचलो तेव्हा सुजातानं तिला शेजारच्यांच्या रिक्षातून आणलं होतं. तपासणीच्या खाटेवर तनू कापडासारखी पडली होती. साखर पार खाली गेलेली, नाडी हाताला लागेना. सलाईनमधून साखर दिल्यावर तिनं डोळे उघडले. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर तिच्यावर वाकून विचारत होते, "बाळ, कुठलं औषध घेतेस का तू? पांढरं, काळं, गोड, कडू?"

तनूनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"सांग बाळा," मी म्हणालो.

ती इतक्या हळू बोलली की मला कान खाली न्यावा लागला. "गुण जाईल न्हवं, बाबा."

मी त्या डॉक्टरांना मोठ्यानं सगळं सांगितलं. सिस्टर, शेजारच्या खाटेवरची माणसं, सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यात मॅडमचाही त्यांना फोन आला. स्टेरॉइडचं इंजेक्शन गेलं. अर्ध्या तासानं तिनं पाणी मागितलं. तासाभरानं म्हणाली, भूक लागली. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि मोठ्यानं रडलो. येणारे जाणारे बाजूनं जात होते.

आठ वाजताचं रक्त

सहा दिवस तिथं होतो. रोज सकाळी आठला रक्त, कारण आतली भट्टी पेटलीय का ते त्याच वेळी कळतं. दर चार तासांनी बोटाला टोचणं. एक सिस्टर टोचायच्या आधी तनूच्या मनगटावर पेनानं घड्याळ काढायची आणि किती वाजवायचे ते तिलाच विचारायची. त्या बाईंचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुजाता माझ्याशी पाचव्या दिवशी बोलली. डबा उघडत म्हणाली, "तुम्ही सुरू करा म्हणालासा, मी सुरू केलं. फेक म्हणालासा, मी फेकलं. आता ह्याच्यापुढं तिच्या औषधाचं मी बघणार." मी मान हलवली. अजून तीच बघते.

आई आली ती पदराखाली हात धरूनच. मूठ उघडली तर आत एक पुडी. सुनेनं ओतायला काढल्या तेव्हा हिनं एक उचलून देव्हाऱ्यात लपवली होती. "औषध हाय, असं मोरीत घालू नये, पोरीला परत लागंल म्हणून ठेवली," ती म्हणाली, आणि मग एकदम, "मी मारली असती की रं माझ्या नातीला." मी ती तिच्या हातातून घेऊन मॅडमना दिली. ती पुडी तपासायला गेली. पाल्याच्या भुकटीत स्टेरॉइड कुटून घातलेलं होतं.

मेघाही येऊन गेली. मी तिला विचारलं, तनूच्या रक्तातल्या चिठ्ठ्या माझ्यासारख्याच असतील का.

"सांगता येत न्हाय, काका. पुढं कधीतरी रक्ताच्या थेंबावरनं कळेल, कुठल्या पोराचा दमा कुठं जाणार ते. आत्ता मी काय बोललो तर ते खोटं ठरंल." ती खाटेजवळ जराशी उभी राहिली आणि मग बस गाठायला निघून गेली.

रांग

आता सहा महिने झाले. माझ्याही स्टेरॉइडच्या गोळ्या मॅडम हळूहळू कमी करत आणताहेत. मी पंप शॉपमध्ये सगळ्यांसमोर घेतो. तनूही शाळेत घेते. शिवाय तिला दिवसातून तीनदा शरीरानं बनवायचं ते स्टेरॉइड मोजून द्यावं लागतं, बाहेरून, इवल्या गोळ्यांतून, हळूहळू कमी करत. ताप आला तर दुप्पट. दप्तरात एक कार्ड असतं, बेशुद्ध सापडली तर कुठलं इंजेक्शन द्यायचं ते लिहिलेलं. गाल उतरलेत. लोक आता विचारतात, "पोरगी का वाळली ओ?" महिन्याला आठ वाजताचं रक्त होतं आणि आकडा अजून खालीच आहे. उंचीबद्दल विचारलं की मॅडम म्हणतात, बघू.

पुडीचा रिपोर्ट जोडून मी औषध खात्याकडं अर्ज दिलाय. अण्णांच्या दाराला काही आठवडे कुलूप होतं. मग ते परत उघडल्याचं कळलं. त्या रविवारी मी गेलो.

रांग होती तशीच. माझ्यापुढं एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मुलीचे गाल तुकतुकीत, कपाळावर बारीक लव. मला ओरडायचं होतं, फेकून द्या म्हणून. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. तिनं माझं ऐकून घरी जाऊन खरंच फेकलं असतं तर तिसऱ्या दिवशी काय होतं ते मला माहीत होतं.

म्हणून मी हळू आवाजात, पहिल्यापासून सांगितलं. पुडीत काय निघालं ते. एकदम बंद करायची नाही, आहे तशी घेऊन डॉक्टरकडं जायचं, लपवायचं नाही. मॅडमचा पत्ता कागदावर लिहून दिला. तिनं कागद घेतला, पण जागची हलली नाही.

"असं म्हणणारी लई येत्यात, पावणं," ती म्हणाली. "माझं लेकरू तर आता खोकत पण न्हाय. बघा की, किती सुधारलंय." रांग पुढं सरकली, तीही सरकली. मग मागं वळून, उगीच चौकशी म्हणून तिनं विचारलं, "आणि तुमची पोरगी? ती आता बरी हाय न्हवं?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना मी तेच सांगतो.

"अजून म्हाईत न्हाय," मी म्हणालो.

तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि रांगेतून बाहेर आली.